पहिल्या काही सामन्यांवरून क्वार्टरबॅकचा निकाल लावू नये

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली सत्तावीस वर्षे मी शिकागोजवळच्या नेपरव्हिल या उपनगरात राहतो आणि सकाळचा चहा घेताना आपल्या दैनिकाची इंटरनेट आवृत्ती वाचण्याचा माझा परिपाठ आहे. अलीकडे आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलच्या बातम्या अधूनमधून दिसू लागल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र त्या बातम्यांत एखाद्या तरुण क्वार्टरबॅकविषयी, म्हणजे पास फेकून संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूविषयी, जे लिहिले जाते, ते बहुधा एका वाक्यात आटोपते. किती पास फेकले, किती यार्ड मिळवले, संघ जिंकला की हरला, आणि शेवटी ‘चमकला’ किंवा ‘अपयशी ठरला’ असा शेरा. शिकागोत रविवारी दुपारी बारा वाजता सामना सुरू होतो तेव्हा हिवाळ्यात भारतात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि सामना संपेपर्यंत पहाटेचे अडीच होतात. अशा वेळी आपल्या उपसंपादकाच्या हाती आकड्यांपलीकडे फारसे काही लागत नसणार, हे मी समजू शकतो. शिवाय हा दोष केवळ वृत्तपत्रांचा नाही. इथल्या सोल्जर फील्ड या स्टेडियमवर साठ हजार माणसे तोच निकाल मोठ्याने ओरडून देतात, आणि २०२४ च्या शरद ऋतूत त्यांच्यात मीही होतो. म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

आपण मराठी माणसे क्रिकेटवर वाढलो. फलंदाजाचा त्रिफळा उडाला तर तो त्याचा स्वतःचा त्रिफळा असतो. दुसऱ्या टोकाचा भिडू कितीही वाईट खेळत असला तरी समोरून आलेला चेंडू त्याच्याच बॅटवर यायचा असतो, आणि म्हणून धावफलक पाहून फलंदाजाविषयी मत बनवण्यात फारशी चूक होत नाही. क्वार्टरबॅकचे तसे नाही. चेंडू त्याच्या हातात येतो त्या क्षणापासून पास सुटेपर्यंत त्याला साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात, आणि ती सेकंदे तो स्वतः कमावत नाही, तर त्याच्यापुढे उभे असलेले पाच धिप्पाड खेळाडू, म्हणजे आक्रमणाची फळी, ती त्याला मिळवून देतात. त्याच सेकंदांत त्याचे रिसिव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, ठरलेल्या वाटेने ठरलेल्या अंतरावर पोहोचायला हवेत, आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षकाने निवडलेली चाल समोरच्या बचावाला लागू पडणारी हवी. यांपैकी एक दुवा निखळला की पास चुकतो किंवा क्वार्टरबॅक चेंडूसकट जमिनीवर आडवा होतो, ज्याला इथे सॅक म्हणतात, आणि कागदावर मात्र नाव त्याचे एकट्याचे लागते.

शिकागो बेअर्स संघाने एप्रिल २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, पहिल्याच क्रमांकावर केलेब विल्यम्सची निवड केली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळताना २०२२ चा हाइझमन हा सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार मिळवलेला हा मुलगा शिकागोचे भाग्य पालटणार, अशी सर्वांची खात्री होती. ८ सप्टेंबर २०२४ रोजी टेनेसी टायटन्सविरुद्ध तो पहिल्यांदा मैदानात उतरला. संघ ०-१७ असा मागे पडला आणि अखेरीस २४-१७ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात लोक एकमेकांचे अभिनंदन करत होते. प्रत्यक्षात विल्यम्सने २९ पैकी १४ पास पूर्ण करून अवघे ९३ यार्ड मिळवले होते आणि शिकागोच्या आक्रमणाला एकही टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणे) करता आला नव्हता. विजय मिळवून दिला तो बचावाने आणि किकच्या वेळी उतरणाऱ्या विशेष पथकाने. पुढच्या आठवड्यात ह्यूस्टनमध्ये त्याला सात वेळा सॅक केले गेले, त्याचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, ज्याला इंटरसेप्शन म्हणतात, आणि संघ हरला. तिसऱ्या सामन्यात इंडियानापोलिसविरुद्ध त्याने ३६३ यार्ड मिळवले, तरीही संघ हरला. मग सलग तीन विजय आले, त्यांतला तिसरा लंडनमध्ये जॅक्सनविलविरुद्ध होता आणि त्या एका सामन्यात त्याने चार टचडाउन पास दिले. म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांत आमच्या शहराने या बावीस वर्षांच्या मुलाला आधी तारणहार, मग चुकलेली निवड आणि मग पुन्हा तारणहार ठरवले. त्याच्या खेळात मात्र इतक्या झपाट्याने काहीच बदललेले नव्हते. बदलत होते ते समोरचे संघ आणि त्याच्यापुढची फळी.

यानंतरचा सामना मला आजही टोचतो. २७ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला जेडन डॅनियल्स त्याच्यासमोर होता. पहिला की दुसरा, कोणाची निवड बरोबर, याचा निवाडा जणू त्या दिवशीच होणार होता. विल्यम्सचा दिवस खराब गेला, २४ पैकी १० पासच पूर्ण झाले. पण अखेरच्या मिनिटांत त्याने संघाला गोलरेषेपर्यंत नेले आणि २५ सेकंद उरले असताना शिकागो १५-१२ असा पुढे गेला. मग शेवटच्या क्षणी डॅनियल्सने आभाळात उंच भिरकावलेला चेंडू घोळक्यात कोणाच्या तरी हाताला लागून उडाला आणि घोळक्यामागे उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात अलगद पडला. १८-१५. ती चाल सुरू होत असताना शिकागोचा एक बचावपटू प्रेक्षकांकडे वळून हातवारे करत होता. विल्यम्स त्या वेळी मैदानाबाहेर बाकावर बसला होता आणि त्या चालीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, तरीही पराभव त्याच्या नावावर लिहिला गेला आणि डॅनियल्सच्या नावावर विजय. क्वार्टरबॅकच्या नावापुढे जय-पराजयाचा हिशेब मांडण्याची इथली जुनी पद्धत किती फसवी आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

१० नोव्हेंबरला न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धचा सामना पाहायला मी स्वतः सोल्जर फील्डवर गेलो होतो. त्या दिवशी विल्यम्सला नऊ वेळा जमिनीवर पाडले गेले आणि संघ १९-३ असा हरला. तिसऱ्या सत्रापासून हुर्यो सुरू झाली. माझ्या शेजारचे गृहस्थ वडिलांच्या वेळेपासून हंगामाची तिकिटे घेणारे. ते उठून निघून गेले. मी थांबलो, पण घरी येताना गाडीत मुलीला म्हणालो की हा मुलगा या स्तरावरचा नाही, त्याला बसवावे. सामन्याची चित्रफीत मी दोन दिवसांनी पुन्हा पाहिली. नऊपैकी निम्म्याहून अधिक वेळा त्याच्या पायांची पहिली हालचाल पूर्ण होण्याआधीच मधल्या फळीतून कोणी ना कोणी आत घुसलेले दिसत होते. उरलेल्या वेळी मात्र त्याने चेंडू हातात फार काळ धरून ठेवला होता, हेही तितकेच खरे. हा फरक स्टँडमध्ये बसून दिसत नाही. तिथे दिसतो तो फक्त पुन्हा आडवा झालेला क्वार्टरबॅक.

दोनच दिवसांनी आक्रमणाचे प्रशिक्षक शेन वॉल्ड्रन यांना काढण्यात आले. २८ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डेट्रॉइटविरुद्ध २०-२३ असे मागे असताना, घड्याळ थांबवण्याचा एक टाइमआउट हातात शिल्लक असूनही, अखेरची सेकंदे तशीच वाहून गेली आणि दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांनाही निरोप मिळाला. १९२० साली स्थापन झालेल्या या संघाने हंगामाच्या मध्येच मुख्य प्रशिक्षक बदलण्याची ही पहिलीच वेळ होती. ज्या मुलाला पहिल्याच वर्षी व्यावसायिक खेळाची बाराखडी गिरवायची होती, त्याचे गुरुजीच दोनदा बदलले. सलग दहा पराभव झाले आणि हंगाम ५ विजय, १२ पराभव असा संपला. डिसेंबरअखेरीस सिएटलविरुद्धच्या ६-३ अशा पराभवात प्रेक्षकांनी ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा दिल्या. आमच्या प्रेक्षकांचा राग तेव्हा प्रथमच योग्य दिशेला वळला, असे मला वाटले.

आता त्या हंगामाचे आकडे नीट वाचून पाहू. ५६२ पास, त्यांपैकी ३५१ पूर्ण, ३,५४१ यार्ड, २० टचडाउन, ६ इंटरसेप्शन आणि ६८ सॅक. शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले तरच अर्थ लागतो. ५६२ पासांत केवळ सहा इंटरसेप्शन ही नवख्यासाठी विलक्षण गोष्ट आहे. सलग ३५३ पास एकही इंटरसेप्शन न होता फेकून त्याने नवख्या खेळाडूंचा विक्रमही केला. ज्यांनी त्याचे कौतुक केले त्यांनी हाच आकडा दाखवला, आणि ज्यांनी टीका केली त्यांनी ६८ हा आकडा दाखवला. माझ्या मते ती एकाच सवयीची दोन रूपे होती. जोखमीचा पास फेकून चेंडू गमावण्यापेक्षा तो हातात धरून ठेवणे आणि प्रसंगी मार खाणे त्याला पत्करत होते. महाविद्यालयीन स्तरावर तो धावून, वळून, सटकून वेळ काढत असे आणि तिथल्या बचावपटूंना ते झेपत नसे. व्यावसायिक स्तरावर तो वेळ मिळत नाही. ही सवय सुटण्यासारखी आहे की नाही, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पहिल्या दहा सामन्यांत मिळणे शक्यच नव्हते, कारण ज्या फळीमागे माणूस रोज पडतो आहे त्या फळीमागे उभे राहून कोणाचीही सवय सुटत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण त्यासाठी भांडे चुलीवर नीट बसलेले असावे लागते.

२०२५ मध्ये ते भांडे नीट बसवले गेले. डेट्रॉइटच्या आक्रमणाचे शिल्पकार बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक झाले. कॅन्सस सिटीचा जो थूनी, लॉस एंजलिस रॅम्सचा जोना जॅक्सन आणि अटलांटाचा ड्रू डालमन असे मधल्या फळीतले तिन्ही खेळाडू नवे आले. परिणाम असा की एका हंगामात ६८ वेळा पडलेला तोच विल्यम्स पुढच्या हंगामात २४ वेळा पडला. त्याने ३,९४२ यार्ड मिळवून एरिक क्रेमरचा १९९५ पासूनचा ३,८३८ यार्डांचा संघविक्रम मोडला आणि संघाने ११ विजयांसह विभागाचे अजिंक्यपद मिळवले. मात्र याच हंगामात त्याच्या पूर्ण झालेल्या पासांचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांच्या आसपास खाली आले. केवळ तेवढा एक आकडा पाहणारा माणूस म्हणेल की खेळाडू घसरला. प्रत्यक्षात तो आता चेंडू धरून बसण्याऐवजी वेळेवर दूर फेकून देत होता आणि अधिक लांबचे पास निवडत होता, म्हणून प्रमाण उतरले आणि संघ वर गेला. सॅक इतके घटण्यामागे निम्मे श्रेय फळीचे आणि निम्मे त्याचे असे मी ढोबळ मानतो. नेमके मोजमाप कोणी करून दाखवले तर माझे मत बदलायला मी तयार आहे.

शिकागोचा प्रेक्षक इतका उतावीळ का, हेही सांगितले पाहिजे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो केवळ कृतघ्न वाटतो. एका हंगामात चार हजार यार्ड मिळवणारा क्वार्टरबॅक न लाभलेला लीगमधला हा एकमेव संघ आहे. २०१७ मध्ये संघाने एक जागा वर सरकून दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्कीला निवडले, आणि त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक माहोम्सला घेतले. कॅन्सस सिटीने माहोम्सला पहिले जवळजवळ पूर्ण वर्ष अनुभवी अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवून ठेवले आणि हंगामाच्या अगदी शेवटच्या सामन्यात उतरवले. ट्रुबिस्की मात्र पाचव्या आठवड्यापासून मैदानात होता. मग २०२१ मध्ये जस्टिन फील्ड्स आला. २६ सप्टेंबर २०२१ रोजी क्लीव्हलँडमध्ये त्याने पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळून २० पैकी ६ पास पूर्ण केले आणि तो नऊ वेळा सॅक झाला. सॅकमध्ये गमावलेले अंतर वजा केल्यावर पूर्ण सामन्यात संघाच्या पासांची निव्वळ कमाई एक यार्ड होती. एक! त्या दिवशी त्याला मदतीला जादा खेळाडू न देता एकटे सोडणाऱ्या योजनेविषयी बोलण्याऐवजी शहर त्याच्या नजरेविषयी आणि निर्णयशक्तीविषयी बोलत राहिले. तीन वर्षांनी ड्राफ्टमधल्या खालच्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याला पिट्सबर्गला देऊन टाकले गेले. फील्ड्समध्ये उणिवा होत्या, हे मी नाकारत नाही. पण त्या त्याच्या स्वतःच्या किती आणि आम्ही त्याला लावलेल्या किती, हे आता कधीच कळणार नाही, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

शिकागोबाहेरही हेच दिसते. जॅरेड गॉफने २०१६ मध्ये पहिले सातही सामने गमावले. प्रशिक्षक बदलून शॉन मॅक्व्हे आले आणि पुढच्याच वर्षी रॅम्स ११ सामने जिंकले. पुढे डेट्रॉइटमध्ये याच गॉफचा खेळ पुन्हा उभा करणारे जॉन्सनच आज शिकागोत आहेत. पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये, पहिल्या हंगामात, २८ इंटरसेप्शन दिले, हा नवख्यांचा नकोसा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. त्या वर्षी त्याच्या संघाचे ३ विजय, १३ पराभव आणि पुढच्या वर्षी १३ विजय, ३ पराभव. घाईचे कौतुकही तितकेच फसवे ठरू शकते. रॉबर्ट ग्रिफिनने २०१२ मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात ३२० यार्ड मिळवून संघाला ४०-३२ असे जिंकून दिले आणि वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू हा मानही मिळवला. गुडघ्याच्या दुखापतीनंतर तो खेळ पुन्हा दिसला नाही. आणि ह्यूस्टनचा डेव्हिड कार, २००२ मध्ये नव्या संघाचा पहिला क्वार्टरबॅक, पहिल्याच सामन्यात डॅलसला हरवणारा. त्या हंगामात त्याला ७६ वेळा सॅक केले गेले, आणि २००५ मध्ये पुन्हा ६८ वेळा. त्याला कोणी धीर धरून वागवले नाही असे म्हणता येणार नाही, पाच वर्षे संधी दिली गेली. त्याला पुढे फळी मात्र कोणी दिली नाही.

यावर कोणी म्हणेल की मग टीका करूच नये का. अवश्य करावी. न्यूयॉर्क जेट्सच्या झॅक विल्सनला अनेकदा संधी मिळूनही तो सावरला नाही आणि तिथल्या चाहत्यांचा धीर सुटला, यात त्यांचा दोष मी मानत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की टीका करताना त्या मुलाच्या हातात काय होते ते पाहावे. पहिला रिसिव्हर अडवला गेला तर त्याची नजर दुसऱ्याकडे जाते की तो पहिल्यावरच खिळून राहतो? सप्टेंबरात ज्या बचावाने त्याला फसवले, तोच डाव डिसेंबरात पुन्हा मांडला गेला तर तो ओळखतो का? सॅक होऊन उठल्यावर पुढच्या पासात त्याचे पाय थरथरतात की तो पुन्हा तितकाच शांत उभा राहतो? विल्यम्सच्या बाबतीत या शेवटच्या गोष्टीकडे मी आधी लक्ष द्यायला हवे होते. ६८ वेळा पडल्यावरही, ५ जानेवारी २०२५ रोजी ग्रीन बेच्या मैदानावर, हंगामातल्या अखेरच्या सामन्यात, त्याने अखेरच्या मिनिटात संघाला गोल मारता येईल इतक्या अंतरावर नेले आणि शिकागो २४-२२ असा जिंकला. अख्खा हंगाम मार खाल्लेल्या माणसाच्या हालचालीत भीती असती तर ती त्या मिनिटात दिसली असती.

एका वर्षाने, जानेवारी २०२६ मध्ये, याच ग्रीन बेविरुद्धच्या बाद फेरीत शिकागो मध्यंतराला ३-२१ असा मागे होता आणि ३१-२७ असा जिंकला. पुढच्या फेरीत रॅम्सविरुद्ध विल्यम्सने अखेरच्या क्षणी मागे मागे सरकत फेकलेल्या एका अशक्यप्राय पासावर सामना जादा वेळेत नेला, आणि जादा वेळेत त्याचाच पास पकडला जाऊन संघ १७-२० असा हरला. त्या रात्री माझ्या फोनवर मराठी मित्रांचे जे संदेश आले, त्यांत तो एकाच तासात महान आणि कुचकामी असा दोन्ही ठरला होता. संदेश पाठवणारे लोक जाणकार आहेत. काहींची मुले इथे शाळेत फ्लॅग फुटबॉल, म्हणजे खेळाडूला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढण्याचा प्रकार, खेळतात, आणि २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये त्या खेळाचा समावेश असल्याने भारतातही त्याकडे लक्ष जाईल, अशी मला आशा आहे.

म्हणून आपल्या क्रीडा विभागाला माझी एक नम्र विनंती आहे. येत्या सप्टेंबरात नवे क्वार्टरबॅक पुन्हा पहिल्यांदा मैदानात उतरतील. त्यांच्याविषयी बातमी देताना यार्ड आणि टचडाउन यांच्या शेजारी त्या सामन्यात तो किती वेळा सॅक झाला हा आकडा छापावा, आणि जागा असेल तर त्याची फळी व प्रशिक्षक नवे आहेत की जुने, हेही एका ओळीत सांगावे. ‘अपयशी’ हा शब्द पहिल्या हंगामापुरता तरी बाजूला ठेवावा. आपल्या उपसंपादकांना रात्री अडीच वाजता आकड्यांखेरीज काही माहिती हवी असेल, तर सामना पाहून ती लगेच लिहून पाठवण्यास मी दर रविवारी तयार आहे.

आपला नम्र,
एक जुना वाचक
नेपरव्हिल, इलिनॉय